ताईच्या वाट्याची जीन्स

वर्षातून एक दिवस मी माझ्या गेलेल्या बहिणीच्या नावानं जेवते. पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट जी बाई गेली, तिच्या सासरी त्या दिवशी एका सवाशिणीला बोलवतात, गेलेलीच्या आवडीचं वाढतात, नवी साडी देतात, ओटी भरतात. ताईच्या सासरी ती सवाशीण मी. पहिल्या वर्षी काकूंनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, मला निरोप धाडला आणि तेव्हापासून तो पाट माझाच झाला. रायपुरात आमच्या तात्यापाऱ्यातून ताईच्या सासरच्या ब्राह्मणपाऱ्यात पायी जायचं म्हणजे काही लांब नाही. पण मी दरवर्षी मुद्दाम मालवीय रोडच्या बाजूनं वळसा घालून जाते. त्या घरात शिरायच्या आधी माझा राग मला नीट घडी करून ठेवावा लागतो.

राग कशाचा ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच काही मोठं समजून बसाल. ताईनं त्या घरात काकूंकडे एकच गोष्ट मागितली होती. जीन्स घालायची परवानगी, तीसुद्धा एकदाच. ती मिळाली नाही. बस, एवढंच आहे. लोक म्हणतील, अवं बाई, यासाठी कोणी इतकी वर्षं जळते काय? जळते. मी जळते. यंदा तर घरून ठरवूनच निघाले होते की जेवण झालं, विडा हातात आला, की काकूंना सरळ विचारायचं, एकदा घालू दिली असती तर काय बिघडलं असतं? काकू आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. पुढच्या नवमीला त्या असतील, नसतील, काय भरवसा.

मालवीय रोडवर एका नव्या दुकानाच्या काचेमागे पुतळा उभा होता. त्याला डोकं नव्हतं, कंबर तेवढी होती, आणि कंबरेच्या बऱ्याच वरपर्यंत चढवलेली फिक्या निळ्या रंगाची जीन्स. मांडीवर पांढुरकी झालेली, खाली घोट्याशी दोन घड्या घातलेल्या. मागे भिंतभर मोठा फोटो, कोणी एक हिरॉइन काळा चष्मा लावून विमानतळातून बाहेर येते आहे, तिनंही तशीच घातलेली. मी थांबले. आतून एक पोरगी म्हणाली, "आइए दीदी, नया स्टॉक है." नवा? ही जीन्स माझ्या बहिणीनं आमच्या मोरीत बसून केली होती, पोरी. तुझी आईसुद्धा तेव्हा शाळेत असेल.

असं मी बोलले नाही अर्थात. "फिर कभी" म्हणाले आणि पुढे चालू लागले, पण पाय पुढे जात होते आणि मी मागे.

तो उन्हाळा मला वासावरून आठवतो. नागपूरचा आतेभाऊ सुट्टीत आला होता आणि जाताना त्याची आखूड झालेली जीन्स आमच्या दोरीवरच विसरून गेला. आईनं ती भांडेवालीसाठी काढून ठेवलेल्या कपड्यांत टाकली. जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं मिळायचं तेव्हा. ताईनं ती गठ्ठ्यातून ओढून काढली, नाकाला लावली आणि मला म्हणाली, "वास घे." जाड कापडाचा, घामाचा, थोडा लोखंडाचा वास होता. मला काही कळलं नाही. मी तेव्हा फ्रॉकमधली, मला पातेलं पाहिजे होतं.

ताईला सिनेमाचं वेड नव्हतं, असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, कारण तिच्या कपाटाचं दार आतून हिरॉइनींनी भरलेलं होतं. रद्दीवाल्याकडून ती जुनी फिल्मी मासिकं आणायची आणि नटनट्यांचे फोटो कापून चिकटवायची. पण तिला त्यांचे चेहरे नको असायचे. कितीतरी फोटो तर तिनं मानेपासून खालीच कापलेले होते. तिला शिवण दिसायची. नारंगी दोऱ्याची दुहेरी शिवण, खिशाच्या कोपऱ्यावरची पितळी टिकली, मागच्या खिशावरची नक्षी. टॉकीजमध्ये हिरो दरीत लोंबकळत असायचा, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि माझ्या कानाशी ताई कुजबुजायची, "पाहिलं काय वं, याच्या जीन्सले गुडघ्यावर जोड दिला आहे." मी तिला चिमटा काढायची.

भावाची जीन्स तिच्या मापाची करायची होती. गुढियारी मोहल्ल्यातला टेलर, जो बाबांच्या पँटी शिवायचा, तो म्हणाला, लेडीज का पैंट हम नहीं छूते. मग ताईनं आईच्या मशीनवर स्वतःच ती उसवली आणि शिवली. जाड शिवणीवर आली की सुई मोडायची. कट्ट असा आवाज यायचा आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "काहून तोडून राहिली माझी मशीन? पोट्टी आहे का लोहार आहे?" बाबा रेल्वेत कारकून. ते या सगळ्यात पडत नसत. फक्त एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले, खिशातून जाड सुयांची पुडी काढून मशीनच्या फळीवर ठेवली आणि हातपाय धुवायला निघून गेले. ताईनं ती पुडी उचलून नुसती मुठीत धरून ठेवली होती बराच वेळ.

मग ते घासणं सुरू झालं. त्या वर्षी हिरॉइनींच्या जीन्स फिक्या निळ्या, ढगाळ रंगाच्या असायच्या, दगडानं धुतल्यासारख्या. बाजारात तसली चीज रायपूरला मिळत नव्हती, मिळाली असती तरी आमच्यासाठी नव्हती. ताईनं मोरीतली वजरी उचलली. पाय घासायचा तो काळा खरबरीत दगड. दुपारी सगळे झोपले की ती मोरीत बसायची आणि मांड्यांवरून, गुडघ्यांवरून वजरी घासत राहायची. खर्र, खर्र, खर्र. ब्लीचिंग पावडरचा वास घरभर पसरायचा, डोळे चुरचुरायचे, आणि नालीतून निळं पाणी गल्लीत जायचं. आई उठून यायची. "अवं, चांगली चीज घासून घासून जुनी करून राहिली तू? तुह्या डोक्याले काय झालं?" ताई वर न बघता म्हणायची, "आई, जुनी नाही. वापरलेली दिसली पाहिजे. फरक आहे." आजपर्यंत मला तो फरक कोणी समजावून सांगितला नाही, पण ज्या दिवशी ती जीन्स वाळून तयार झाली त्या दिवशी मला तो दिसला.

पावसाळ्यात ती वाळता वाळायची नाही. दोरीवर दोन निळे पाय दिवसचे दिवस लोंबत राहायचे, कोंदट वास सुटायचा, आई नाकाला पदर लावायची. अर्धी ओली असतानाच ताई ती चढवायची आणि पंख्याखाली सतरंजीवर आडवी पडायची. "अंगावर वाळली की अंगाची होते," म्हणायची. मी तिच्या शेजारी. ओल्या कापडाची गार कड माझ्या पायाला लागायची. त्या दुपारी आम्ही काय बोलायचो ते मला एक अक्षर आठवत नाही, पण तो गारवा अजून माझ्या पोटरीवर आहे.

घराबाहेर ती जीन्स फार कमी गेली. एकदा बूढ़ातालाबला गेलो होतो, वर लांब कुर्ता घालून, म्हणजे गुडघ्याखालचीच काय ती दिसत होती. पण ताईची चाल बदलली होती. दोन्ही हात खिशात घालून ती काठाकाठानं चालली, आणि खिशात तिनं भरपूर शेंगदाणे भरून घेतले होते, एक एक काढून मला द्यायची. मधेच थांबून म्हणाली, "आपल्या कपड्यांले खिसा काहून नसते वं?" मी म्हटलं, पर्स असते ना. "पर्स पकडावी लागते. हात मोकळे नाही राहत." तळ्यावरून वारा येत होता आणि माझी ताई हात मोकळे ठेवून चालत होती. मला ती त्या दिवशी फार आवडली.

लग्न झालं. ब्राह्मणपाऱ्यातलं जुनं मराठी घर, चार पिढ्यांपासून रायपुरात असलेलं, लोक चांगले, भाऊजी शांत. ताईनं ती जीन्स सुटकेसमध्ये सगळ्या साड्यांच्या खाली ठेवली. ठेवताना मीच हात लावला होता. काही महिन्यांनी ती दोघं जगदलपूरकडे धबधबा बघायला निघाली, तेव्हा ताईनं काकूंना विचारलं, तिथं तरी घालू काय? तिथं आपल्याला कोण ओळखतं? काकू रागावल्या नाहीत. तेच तर. रागावल्या असत्या तर ताई भांडली असती. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपल्या घरच्या सुना साडीतच शोभतात, बाळा." माहेरी आल्यावर ताईनं हे आम्हाला नक्कल करून सांगितलं, हसली, आणि मग म्हणाली, "इतकं गोड बोलल्या ना, की मले काही बोलताच नाही आलं."

पुढच्या दिवाळीला मी तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात खिळ्याला एक निळी पिशवी. आतून भोपळा डोकावत होता. ताईनंच शिवली होती, त्याच जीन्सची. दोन्ही पाय कापून, वरचा भाग खाली बंद करून, पट्ट्याचे बंद लावून. मागचा खिसा बाहेरून तसाच होता. मी पिशवीकडे बघत राहिले तर ती म्हणाली, "मजबूत आहे. दहा किलो आलू सहज येतात." ती अगदी साध्या आवाजात बोलली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिनंही माझ्याकडे पाहिलं असतं. ती पिशवी पुढे फाटली, कधी, कोणी फेकली, कोणाला माहीत नाही.

ताई कशी गेली ते मी इथं सांगणार नाही. गेली. तिची मुलगी मिनू तेव्हा एवढीशी होती, फ्रॉकच्या मागची बटणं तिची तिला लागत नव्हती. काकूंनी तिला वाढवलं. आता ती नोकरीला लागली आहे, आणि जीन्सशिवाय दुसरं काही घालत नाही. गुडघ्यावर फाटलेली, ढुंगणाशी सैल, जमिनीवर लोळणारी, दर मोसमात नवी तऱ्हा. मोबाइलवर तिला कळतं कोणत्या नटीनं आज काय घातलं. आणि माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं आहे, काकू खुर्चीत बसून तिच्या त्या फाटक्या जीन्सला स्वतः इस्त्री करतात. दशा निघतील म्हणून फाटलेल्या जागी हलक्या हातानं. ते पाहून मला आनंद होतो आणि रागही येतो, दोन्ही एकदमच होतं. नातीला चालतं. मग सुनेला काहून नाही चाललं?

तर यंदाची नवमी. घरात खिरीचा, तळलेल्या वड्यांचा वास. अळूची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. भाऊजींनी गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं आणि वरच्याच खोलीत बसले, ते त्या दिवशी फारसे बाहेर येत नाहीत. मी पाटावर बसले. काकूंना आता खाली बसवत नाही, खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या आणि दरवर्षीसारखं म्हणाल्या, "पोटभर जेव. तिच्या वाट्याचं जेव." मी जेवले. तोंडात घास आणि जिभेवर तो प्रश्न, दोन्ही सांभाळत जेवले.

हात धुवून आले तर मिनूनं ताट आणलं. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि त्या सगळ्याखाली दरवर्षी जिथं साडी असते तिथं घडी केलेली जीन्स. गडद निळी, कोरी करकरीत. कंबरेच्या लेबलवर हळदीकुंकवाची दोन बोटं लावलेली.

मला वाटलं मिनूचा चावटपणा. मी तिच्यावर डोळे मोठे केले. तिनं मान हलवली. "मैंने नहीं मौसी, आजीने. सच्ची."

"काकू, हे काय?"

"नवं वस्त्र द्यावं लागते नवमीले," काकू म्हणाल्या. "साडीच द्यावी असं काही नाही."

"गुरुजींले विचारलं काय?"

"नाही विचारलं."

मिनूला राहवलं नाही. सांगू लागली की आजी स्वतः दुकानात गेली होती, ई-रिक्षात बसून, मिनूचा हात धरून. "मैंने तो वाइड लेग दिखाई, मौसी, जो सब हीरोइनें पहन रही हैं. फिर वो फटी वाली. आजीने सबको ना कर दिया. बोली, सीधी पाहिजे, साधी, मजबूत." नारंगी टाका पाहिजे म्हणून तीन ढीग उलथे केले म्हणे तिथं. मी जीन्स उचलली. दुहेरी शिवण, नारंगी. काकू एवढंच म्हणाल्या, "जा, घालून ये. वस्त्र अंगाले लागलं पाहिजे."

ताईच्याच खोलीत गेले. दार लावलं, साडी सोडली, जीन्समध्ये पाय घातले. गुडघ्याच्या वर ती जाईना. ओढून पाहिली, श्वास घेऊन पाहिली, पलंगावर आडवी पडूनही पाहिली, पन्नाशीची बाई मी, हसूही येत होतं. मांडीतच अडकून बसली. शेवटी काढली, साडी नेसले, जीन्सचं बटण लावून ती हातावर घेऊन बाहेर आले.

"नाही होत, काकू," मी म्हटलं. "मी किती जाड झाले, पाहून नाही राहिल्या काय? ही तर कोण्या पोरीची आहे."

"एक्सचेंज हो जाएगा, मौसी. बिल रखा है मैंने," मिनू म्हणाली. "मैंने बोला भी था आजी को."

"बदलायची नाही," काकू म्हणाल्या.

आवाज ठाम होता. मी खाली पाटावर बसले. काकू माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"दुकानातली पोरगी विचारे, नंबर क्या है, अम्मा. मले काय माहीत नंबर? मी हातानं दाखवलं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पंजे समोरासमोर, मधे कोणी उभं असल्यासारखे. "म्हटलं, एवढी."

"तुम्हाले अजून लक्षात आहे?"

"तिले शेवटची साडी मीच नेसवली ना वं. हिरवी. बायका म्हणाल्या, तुम्ही नका, आम्ही करतो. मी नाही ऐकलं. निऱ्या खोचाले दोन्ही हात कंबरेत घातले, तेव्हा एवढीच होती ती. एवढीशी." त्या आपल्या हातांमधल्या जागेकडे बघत होत्या. "मागितली होती तिनं माझ्याकडे. एकदाच मागितली. आणि मी त्या दिवशीबी तिले साडीच नेसवली."

मिनूनं तोंड फिरवलं. तिला हे काही माहीत नव्हतं, मराठीही तिला सगळी कळत नाही, पण तेवढं कळलं होतं. आणि मी, जी घरून प्रश्न तोंडपाठ करून आले होते, मला रडू फुटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट त्या घरात फक्त मीच आठवते. राग गेला असं म्हणणार नाही, खोटं होईल. पण तो ज्याच्यावर काढायचा, ते माणूस मला समोर सापडेना.

काकूंचे हात अजून तसेच पुढे होते. खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि बटण लावलेली जीन्स, कंबर वर करून, त्यांच्या हातांच्या मधे धरली.

बरोबर बसली.